गाडी ठरली होती, इंजिन ठरत नव्हतं: एका एसयूव्ही खरेदीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण पाच जणांच्या एका कुटुंबाचं आहे. नवरा-बायको दोघंही कमावते, शाळेत जाणारी एक मुलगी आणि नवऱ्याचे आईवडील. ओळख पटू नये म्हणून नावं, गावं आणि गाडीचं मॉडेल दिलेलं नाही. आकडे पूर्णांकात आणले आहेत, पण त्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण बिघडू दिलेलं नाही. खरेदीआधी हिशोब मांडायला त्यांनी मला सोबत घेतलं होतं, त्यामुळे चर्चा जवळून ऐकता आली.

घरातली जुनी हॅचबॅक थकली होती. आईंच्या गुडघ्यांमुळे खाली वाकून बसावं लागणार नाही अशी उंच सीट हवी होती, आणि पाच माणसं बसल्यावर सामानालाही जागा उरायला हवी होती. चार-पाच गाड्या पाहिल्यावर एका मध्यम आकाराच्या एसयूव्हीवर सगळ्यांचं एकमत झालं. ते काम लवकर उरकलं.

घोडं अडलं ते पुढे. तीच गाडी तीन इंजिनांमध्ये मिळत होती: दीड लिटरचं टर्बो पेट्रोल (हवा दाबून आत घेणारं), दोन लिटरचं डिझेल आणि दोन लिटरचं पेट्रोल स्ट्राँग हायब्रीड (इंजिनाच्या जोडीला बॅटरीवर चालणारी मोटर असलेलं). तिन्ही ऑटोमॅटिक. बाहेरून पाहिलं तर मागचा बिल्ला सोडून काही फरक नाही. पण एकाची निवड केली की पुढची सात-आठ वर्षं त्याच्याबरोबर काढायची, आणि चूक झाली तर ती टायर किंवा सीट कव्हरसारखी बदलता येत नाही.

अडचण

घरात गाडी चालवणारी तीन माणसं होती आणि दोन ठाम मतं.

वडिलांनी नोकरीत असताना आयुष्यभर डिझेल जीप चालवल्या होत्या. "भरल्या गाडीने घाट चढायचा तर डिझेलच घ्या, पेट्रोल गाडी दम खाते," हे त्यांचं म्हणणं. मुलाला टर्बो पेट्रोल हवं होतं. शोरूमच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये त्याला तिचा पिकअप आवडला होता. ती डिझेलपेक्षा स्वस्तही होती. हायब्रीडची बाजू घेणारं कोणी नव्हतं. ती विक्रेत्याने दाखवली म्हणून यादीत आली होती.

सुनेने मत दिलं नव्हतं, कारण तिला कोणी विचारलंच नव्हतं. माझ्या मते या प्रकरणातली पहिली खरी कलाटणी इथे आहे. "रोज गाडी कोण चालवतं?" या प्रश्नाला नवऱ्याने जरा थांबून "तीच" असं उत्तर दिलं. ती फिजिओथेरपिस्ट आहे आणि रुग्णांच्या घरी जाऊन उपचार करते. नवरा ऑफिसला कंपनीच्या बसने जातो. म्हणजे ज्या दोघांची मतं ठाम होती, ते गाडी मुख्यतः महिन्यातून एकदा घाटात चालवणार होते.

दुसरी अडचण म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला ठोकताळा: वर्षाला अमुक किलोमीटरच्या वर चालणार असेल तर डिझेल, त्याखाली पेट्रोल. त्यांची जुनी गाडी वर्षाला साधारण १३,५०० किलोमीटर चालत होती. हा आकडा बरोबर कुंपणावर येतो. डिझेलवाला म्हणणार पुरेसा आहे, पेट्रोलवाला म्हणणार कमी आहे. या ठोकताळ्याने वाद मिटला नाहीच, उलट दोघांनाही आपापल्या बाजूने बोलायला आधार मिळाला.

एकूण किलोमीटर नव्हे, एका फेरीचे किलोमीटर

म्हणून काही आठवडे जुन्या गाडीत एक छोटी वही ठेवली. गाडी सुरू केली की वेळ लिहायची, बंद केली की किलोमीटर लिहायचे. एवढंच. सुनेने ते नेटाने केलं. त्यावरून वर्षाचं चित्र असं उभं राहिलं:

साधारण ७,००० किलोमीटर शहरातल्या छोट्या फेऱ्यांचे होते. एक फेरी सरासरी ५ किलोमीटरची, वाटेत सिग्नल आणि गर्दी, त्यानंतर पाऊण-एक तास गाडी बंद, मग पुन्हा पाच किलोमीटर. म्हणजे वर्षाला जवळपास १,४०० वेळा इंजिन सुरू होऊन दहा-पंधरा मिनिटांत पुन्हा बंद होत होतं.

साधारण ४,५०० किलोमीटर गावच्या फेऱ्यांचे. एका बाजूने १९० किलोमीटर, त्यातला शेवटचा भाग घाटाचा, सुमारे १,००० मीटरची चढाई. गाडीत पाचही माणसं आणि सामान.

उरलेले २,००० किलोमीटर इकडचे तिकडचे, मध्यम अंतराचे.

ही वही समोर आल्यावर चर्चेचा सूरच बदलला. १३,५०० हा आकडा महामार्गावरच्या फिरत्या विक्री प्रतिनिधीचाही असू शकतो आणि घरोघर जाणाऱ्या फिजिओथेरपिस्टचाही. इंजिनाच्या दृष्टीने हे दोन पूर्णपणे वेगळे मालक आहेत. थंड इंजिनाला इंधन जास्त लागतं, तेल दाट असल्याने घर्षण वाढतं, आणि धूर साफ करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर दोन-तीनशे अंश तापेपर्यंत नीट काम करत नाही. पाच किलोमीटरच्या फेरीतला मोठा हिस्सा या तापण्यातच जातो. कंपन्यांचे ॲव्हरेजचे आकडे हे दाखवू शकत नाहीत. डब्ल्यूएलटीपी ही अनेक देशांत वापरली जाणारी चाचणी थंड इंजिनानेच सुरू होते हे खरं, पण ती सलग २३.२५ किलोमीटर आणि अर्धा तास चालते, सरासरी वेग ताशी ४६.५ किलोमीटर. वहीतल्या फेऱ्यांचा सरासरी वेग ताशी २५ च्या आत होता.

पर्याय पहिला: डिझेल

वडिलांचं म्हणणं जुन्या अनुभवातून आलं होतं, पण ते चुकीचं नव्हतं, आणि ते तसं त्यांना सांगणं गरजेचं होतं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सुमारे सोळा पट दाबली जाते आणि त्या तापलेल्या हवेत इंधन आपोआप पेटतं. एवढ्या दाबामुळे इंधनातली ऊर्जा जास्त कामी येते. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के जास्त ऊर्जा असते.

टॉर्कचं, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराचंही तसंच. या गाडीचं डिझेल १,७५० आरपीएमलाच (मिनिटाला एवढे फेरे) ३५० न्यूटन-मीटर देत होतं, टर्बो पेट्रोल त्याच आरपीएमला २५०. शक्तीत मांडलं तर तिथे एकाकडे ६४ किलोवॅट, दुसऱ्याकडे ४६. म्हणून भरली डिझेल गाडी वळणातून बाहेर पडताना आवाज न करता उचलते. वडिलांना आठवत होती ती हीच सहजता.

पण त्यांच्या जीपमध्ये जे नव्हतं ते आजच्या डिझेलमध्ये आहे: डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी गाळणी. ती भरली की जाळून साफ करावी लागते आणि त्यासाठी आत ६०० अंशांच्या आसपास तापमान लागतं. गाडी हे काम आपलं आपण करते, पण तिला सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगाने चालणं मिळायला हवं. मध्येच चावी फिरवून गाडी बंद केली की साफसफाई अर्धवट राहते. त्या प्रयत्नात जास्तीचं इंधन सिलिंडरमध्ये सोडलं जातं. ते पूर्ण जळालं नाही तर भिंतींवरून खाली तेलात उतरतं. तेल पातळ होतं आणि डिपस्टिकवर, म्हणजे तेल मोजायच्या पट्टीवर, पातळी वाढलेली दिसते. हे अर्धवट प्रयत्न वारंवार झाले की शेवटी डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गाडी वर्कशॉपला न्यावी लागते.

वडिलांनी यावर नेमका प्रश्न विचारला: "दर महिन्याला घाटात जातोच ना आपण? तेव्हा साफ होईल की."

प्रश्न रास्त होता आणि तो झटकून टाकण्यासारखा नव्हता. गाळणी साधारणपणे काही शे किलोमीटरला एकदा साफ व्हावी लागते. छोट्या फेऱ्यांमध्ये काजळी जास्त जमते म्हणून ते अंतर आणखी घटतं. दोन गावफेऱ्यांमध्ये शहरातले जवळपास सहाशे किलोमीटर पडत होते. म्हणजे मधल्या काळात निदान एकदा तरी सफाईची वेळ येणार, आणि ती बहुधा सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीत येणार. बोलण्यात आणखी एक गोष्ट निघाली: भर पावसाळ्यात घाट टाळायचा म्हणून हे कुटुंब दोन-दोन महिने गावी जात नसे. सून म्हणाली, "बाबा, गाडी साफ व्हावी म्हणून मी रविवारी उगाच हायवेवर फिरून यायचं का?" त्यांनी त्यावर बराच वेळ काही उत्तर दिलं नाही, आणि माझ्या समजुतीप्रमाणे डिझेल तिथेच मागे पडलं.

डीईएफ, म्हणजे धूर स्वच्छ करण्यासाठी लागणारं युरियाचं ३२.५ टक्क्यांचं द्रावण वेगळ्या टाकीत भरत राहणं, हे त्यामानाने किरकोळ. फक्त ती टाकी पूर्ण रिकामी झाली तर बहुतेक गाड्या बंद केल्यावर पुन्हा सुरू होत नाहीत, एवढं लक्षात ठेवावं लागतं. काही शहरांत जुन्या डिझेल गाड्यांना प्रवेश मर्यादित आहे, आणि पुढे गाडी विकताना त्याचा परिणाम होऊ शकतो, हाही मुद्दा निघाला. पण निर्णय फिरला तो गाळणीवर.

पर्याय दुसरा: टर्बो पेट्रोल

हे इंजिन छोटं, हलकं, डिझेलपेक्षा लवकर तापणारं. उंचीवर त्याचा एक खास फायदा आहे. वर जाल तशी हवा विरळ होते. १,४०० मीटरवर ती समुद्रसपाटीपेक्षा साधारण १२-१३ टक्के कमी दाट असते. साध्या इंजिनाची ताकद जवळपास त्याच प्रमाणात घटते. टर्बो हवा दाबून आत पाठवत असल्यामुळे ती उणीव बरीचशी भरून निघते.

खोड दुसरीकडे होती. ताकद मागितली की हे इंजिन इंधनही तितकंच मागतं, आणि शहरातल्या थांबत-चालत प्रवासात दर सिग्नलला दीड टनाहून जड गाडी पुन्हा शून्यातून ढकलावी लागते. डायरेक्ट इंजेक्शन असल्याने पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, इनटेक व्हॉल्व्हवरून (हवा आत घेणाऱ्या झडपेवरून) वाहत नाही. त्यामुळे व्हॉल्व्ह धुतला जात नाही आणि त्यावर कार्बन धरण्याची प्रवृत्ती असते. छोट्या फेऱ्यांत पेट्रोल तेलात उतरण्याचा प्रकार इथेही होतो, फक्त डिझेलच्या गाळणीइतका तो अडवून धरत नाही. वेळेवर आणि सांगितलेल्या प्रतीचं तेल बदललं तर हे इंजिन या वापरात चालण्यासारखं होतं. बाद करण्याजोगं काही नव्हतं.

पर्याय तिसरा: हायब्रीड

सुरुवातीला ज्याची बाजू कोणी घेत नव्हतं, त्याचीच तपासणी सर्वात जास्त वेळ चालली.

वहीतल्या ७,००० किलोमीटरसाठी हे इंजिन जणू बेतलेलंच होतं. सिग्नलला इंजिन बंद. हळू वेगात मोटर. ब्रेक दाबला की एरवी उष्णता होऊन वाया जाणाऱ्या ऊर्जेतला काही भाग बॅटरीत परत. पेट्रोल इंजिन ॲटकिन्सन पद्धतीचं, म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद करून इंधन काटकसरीने वापरणारं. अशा इंजिनात तळाशी जोर कमी असतो, पण तिथे मोटर आधाराला येते.

प्रश्न घाटाचा होता. विक्रेत्याने "मोटर आहे ना, घाटात मदत करेल" असं सांगितलं होतं. म्हणून कागदावर साधं गणित मांडलं. माणसं-सामान धरून गाडी २,००० किलो. ती १,००० मीटर वर न्यायला लागणारी ऊर्जा साधारण साडेपाच युनिट. हायब्रीडची बॅटरी एक-सव्वा युनिटची, आणि ती पूर्ण रिकामी कधीच होऊ दिली जात नाही. म्हणजे घाटाच्या चढाईत बॅटरीचा वाटा दहाव्या हिश्शाच्या आसपास. सुरुवातीची काही वळणं मोटर हात देईल, त्यानंतर घाट पेट्रोल इंजिनालाच चढायचा आहे, आणि तेही टर्बो नसलेल्या, विरळ हवेत ताकद गमावणाऱ्या.

उतरतानाही तेच उलट. साडेपाच युनिट परत मिळण्यासारखी असतात, पण ती ठेवायला जागा नाही. बॅटरी भरली की मोटरने वेग रोखणं कमी होतं. तिथून पुढे इंजिन ब्रेकिंगचा मोड लावून उतरायचं, नाहीतर सगळा भार ब्रेकवर येतो.

मग ही गाडी घाट चढेल का? इथे दुसरं गणित कामाला आलं. सहा टक्क्यांच्या चढावर ही भरली गाडी ताशी ६० किलोमीटरने न्यायला साधारण ३५ ते ४० अश्वशक्ती पुरते. तिन्ही इंजिनांकडे याच्या कितीतरी पट ताकद होती. त्यामुळे "चढेल का" हा प्रश्नच उरला नाही. उरला तो ओव्हरटेकचा, आणि कानाला काय ऐकू येईल याचा: डिझेल ते काम १,८०० आरपीएमला करील, हायब्रीडचं इंजिन चार-साडेचार हजारांवर जाऊन ओरडेल.

लिटरमध्ये मांडलेला हिशोब

इंधनाचे दर बदलत राहतात, म्हणून हिशोब पैशांत न करता लिटरमध्ये केला. प्रत्येक इंजिनासाठी त्या त्या वापराचं, मालकांकडून चौकशी करून मिळालेलं ॲव्हरेज धरलं. कंपनीचं नाही.

टर्बो पेट्रोल: शहरात लिटरला १० किलोमीटर, गावच्या रस्त्याला १५, मध्यम फेऱ्यांना १२.५. वर्षाला ७०० अधिक ३०० अधिक १६०, म्हणजे १,१६० लिटर.

डिझेल: शहरात १२.५, गावाला १८, मध्यम १६. म्हणजे ५६०, २५० आणि १२५. एकूण ९३५ लिटर.

हायब्रीड: शहरात १७.५, गावाला १८, मध्यम २०. म्हणजे ४००, २५० आणि १००. एकूण ७५० लिटर.

टर्बोच्या तुलनेत हायब्रीड ४१० लिटर वाचवत होती आणि त्यातले ३०० निव्वळ शहरातून येत होते. महामार्गावर तिने डिझेलशी फक्त बरोबरी केली. हे आकडे वेगवेगळे मांडले नसते तर नवऱ्याला ते पटलं नसतं. तो हायब्रीडकडे हायवेच्याच नजरेने बघत होता.

एक आडवा मुद्दा इथेच सांगतो, कारण तो सहसा सुटतो. पेट्रोलचा एक लिटर जळाला की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, डिझेलचा सुमारे २.६५ किलो. डिझेल टर्बोपेक्षा वर्षाला २२५ लिटर कमी पीत होतं, तरी कार्बनचा फरक दोनशे किलोच्या आतच राहत होता. हायब्रीडचा फरक जवळपास ९४० किलोंचा होता. मुलगी शाळेत याविषयी शिकत होती आणि घरातल्या चर्चेत हा मुद्दा तिनेच लावून धरला.

किमतीतला फरकही लिटरमध्येच आणला. हायब्रीड टर्बोपेक्षा जेवढी महाग, तेवढ्या पैशांत त्या वेळी २,५०० लिटर पेट्रोल आलं असतं. ४१० ने भागलं तर साधारण सहा वर्षं. गाडी आठ वर्षं ठेवायचा विचार होता आणि कंपनीची बॅटरीवरची हमीही आठ वर्षांचीच होती. म्हणजे फायदा होता, पण काठाकाठाने. एवढ्या फरकावर केवळ पैशांसाठी हायब्रीड घ्यावी असं मी सांगितलं नाही, आणि आजही सांगणार नाही.

निर्णय कसा झाला

शोरूमची टेस्ट ड्राइव्ह सपाट रस्त्यावर, गरम इंजिनाने, गाडीत दोघंच बसून झाली होती. त्यावरून घाटाचं काही कळणार नव्हतं. म्हणून त्यांनी तेच हायब्रीड मॉडेल एका दिवसासाठी भाड्याने घेतलं आणि पाचही जण सामानासकट गावच्या घाटात गेले. बाबांना पुढे बसवलं.

जाताना अपेक्षेप्रमाणेच झालं. घाटाच्या पहिल्या टप्प्यात गाडी गुपचूप चढली, बॅटरी उतरल्यावर इंजिनाचा आवाज वाढला. एका ट्रकला मागे टाकताना नवऱ्याने पाय पूर्ण दाबला, आवाज खूप आला, वेग त्या मानाने हळू वाढला. ओव्हरटेक नीट झाला, पण त्याला तो आवडला नाही आणि त्याने तसं सांगितलं. वडिलांचं मत मात्र इथे मवाळ झालं. "ओरडते, पण थांबत नाही," असं ते म्हणाले.

परतल्यावर सुनेने तीच गाडी संध्याकाळच्या तीन रुग्णांकडे नेली. गर्दीत इंजिन बहुतेक वेळ बंदच होतं. गिअर बदलल्याचा झटका नाही, दर सिग्नलला इंजिन पुन्हा सुरू झाल्याचा थरकाप नाही. दिवसाकाठी पाच-सहा फेऱ्या करणाऱ्या माणसाला याचं मोल किती, हे नवऱ्यालाही मागच्या सीटवर बसल्यावर जाणवलं.

शेवटची चर्चा थोडक्यात झाली. महिन्यातले दोन दिवस नवऱ्याला थोडी कमी मजा, की महिन्यातले पंचवीस दिवस बायकोला थोडा कमी थकवा? प्रश्न असा मांडला नवऱ्यानेच. हायब्रीड बुक झाली. तिला काही महिन्यांची प्रतीक्षा होती. टर्बो लगेच मिळत होती. त्या काळात जुनी गाडी ओढत नेली, तिच्यावर एक मोठी दुरुस्ती करावी लागली, आणि तो खर्च कोणाच्याच हिशोबात नव्हता.

परिणाम

पहिल्या वर्षाची नोंद त्यांनी टाकी फुल करून, किलोमीटर लिहून ठेवली. शहरात १६.५ मिळालं, म्हणजे धरल्यापेक्षा एक कमी. थंडीच्या दिवसांत सकाळची पहिली फेरी नेहमीच वाईट जायची, कारण हायब्रीडलाही कन्व्हर्टर तापवायला सुरुवातीला इंजिन चालवावंच लागतं. नंतरच्या फेऱ्यांना पाऊण-एक तासाच्या अंतराने इंजिन पुरतं थंड होत नसे, तिथे आकडा भरून निघे. गावच्या रस्त्याला १७. एकूण खप ८०० लिटरच्या किंचित खाली राहिला. ब्रेक पॅड सर्व्हिसिंगच्या वेळी जवळपास नवेच निघाले.

मग दुसऱ्या वर्षी परिस्थिती बदलली. सुनेने घरोघर जाणं कमी करून स्वतःचं छोटं क्लिनिक सुरू केलं, तेही घराजवळ. शहरातले किलोमीटर निम्म्यावर आले. त्याच सुमारास आईंच्या उपचारांसाठी गावच्या फेऱ्या दुप्पट झाल्या. जुनंच ॲव्हरेज धरून नवा हिशोब केला तर शहरातली बचत ३०० वरून १५० लिटरवर येते, महामार्गावरची ५० वरून १००, मध्यम फेऱ्यांची ६० तशीच. एकूण ३१०. किमतीतला फरक भरून निघायला सहाऐवजी आठ वर्षं लागणार, म्हणजे गाडी विकायची वेळ येईपर्यंत.

या नव्या वापरात पहिल्यापासून निवड करायची असती तर मी टर्बो पेट्रोलकडे झुकलो असतो, आणि डिझेललाही पुन्हा एकदा संधी दिली असती, कारण लांब फेऱ्यांनी गाळणीचा प्रश्न बराच हलका झाला असता. कुटुंबाला मात्र निर्णयाचा पश्चात्ताप नाही. ज्या माहितीवर तो घेतला ती तेव्हा खरी होती.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वात मोठी उणीव हीच: वहीत गेल्या काही आठवड्यांची नोंद होती, पुढच्या पाच वर्षांचा एकही प्रश्न नव्हता. क्लिनिकचा विचार सुनेच्या मनात खरेदीच्या वेळीही होता, पण तो गाडीशी जोडून पाहायचं कोणाला सुचलं नाही. नोकरी बदलणार का, मूल कॉलेजला दुसऱ्या गावी जाणार का, आईवडिलांच्या दवाखान्याच्या फेऱ्या वाढणार का, हे विचारून हिशोब दोन-तीन वेगवेगळ्या चित्रांसाठी मांडायला हवा होता. शहरातले किलोमीटर निम्मे झाले तर काय, ही एक ओळ जरी कागदावर असती तरी सहा आणि आठ वर्षांमधला फरक तेव्हाच दिसला असता. कदाचित निवड तीच राहिली असती. पण ती आरामासाठी केली आहे, बचतीसाठी नाही, हे सगळ्यांना आधीपासून स्पष्ट असतं.

प्रतीक्षेचा खर्चही आधी धरायला हवा होता. जुन्या गाडीवरची दुरुस्ती आणि त्या काळात वाढलेला देखभालीचा ताण, हे हायब्रीडच्याच खात्यात जातं.

स्टेपनीचं प्रकरण सर्वात जास्त टाळता येण्यासारखं होतं. या गाडीच्या हायब्रीड आवृत्तीत मागच्या बाजूला बॅटरी असल्यामुळे सुटं चाक नव्हतं, फक्त पंक्चर भरायचं किट होतं. डिकीचा तळ उचलून कोणी पाहिलाच नाही. एका फेरीत घाटात दगडाने टायरची बाजू चिरली. अशा चिरेवर किट चालत नाही. अंधार पडेपर्यंत ते पाचही जण टोइंगची वाट बघत रस्त्याकडेला होते, आईंसह. आता ते लांबच्या फेरीला एक सुटं चाक डिकीत ठेवतात आणि तेवढी सामानाची जागा जाते. एकच गाडी वेगवेगळ्या इंजिनांत घेताना इंजिनासोबत आणखी काय बदलतं, याची यादी मागायला हवी होती: सुटं चाक, डिकीची खोली, टाकीचा आकार, ओढण्याची क्षमता, सर्व्हिसिंगचं अंतर.

आणि १२ व्होल्टची साधी बॅटरी. हायब्रीडमध्येही ती असते, आणि ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. कुटुंब लांबच्या प्रवासाला बाहेर असताना गाडी बरेच दिवस उभी राहिली आणि परतल्यावर दरवाजेसुद्धा रिमोटने उघडले नाहीत. शोरूममध्ये हे सांगितलं गेलं नव्हतं; मालकाच्या पुस्तिकेत ते होतं.

गाडी त्यांच्याकडेच आहे. बॅटरीची हमी संपायच्या आधी ते पुन्हा काही आठवडे वही ठेवणार आहेत, आणि या वेळी तिच्या शेवटच्या पानावर घरातल्या प्रत्येकाने पुढच्या काही वर्षांत आपल्याला कुठे कुठे जावं लागेल ते लिहायचं, असं ठरलं आहे.